किनाऱ्यांची यादी छापा, पण वाऱ्यासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बेटांवरच्या किनाऱ्यांची यादी आली होती. अंदमान, लक्षद्वीप, फुकेत, बाली, मॉरिशस. प्रत्येक किनाऱ्यापुढं चांदण्या, फोटो, जवळचं हॉटेल, काय खायचं, कुठं फोटो काढायचा. यादी कापून मी दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे, कारण येणारा प्रत्येक जण ती वाचतो. पण कोणत्या महिन्यात वारा कोणत्या अंगानं येतो आणि त्या वेळी बेटाची कोणती बाजू आडोशाला असते, हे त्यात कुठंच नाही. माझ्या मते तेच आधी हवं होतं. ते नसेल तर पाच चांदण्यांच्या किनाऱ्यावर माणूस उभा राहतो, समोर गढूळ पाणी, डोळ्यांत वाळू, लाल झेंडा. आणि त्याच बेटाच्या पलीकडच्या बाजूला पाणी आरशासारखं पडलेलं असतं, ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

जिंतूरचा माणूस समुद्राच्या गोष्टी कशाला सांगतोय, असं आपल्याला वाटेल. इथून मुंबईचा किनारा गाठायचा तर चार-पाचशे किलोमीटर. पण मी कृषी सेवा केंद्र चालवतो, आणि आमच्या धंद्यात टूर लागते. बियाण्याच्या आणि फवारणीच्या औषधाच्या कंपन्यांच्या स्कीम असतात. ठरलेला माल उचलला, उधारी वेळेत भरली की कंपनी विक्रेत्यांना फिरायला नेते. पूर्वी गोवा आणि महाबळेश्वर असायचं. आता अंदमान, थायलंड, बाली, मॉरिशस. परभणी, हिंगोली, नांदेड, बीड या जिल्ह्यांतल्या ज्या माणसानं कधी कोकणसुद्धा पाहिलं नाही, तो थेट समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर उतरतो. त्याला पोहता येतं ते विहिरीत. पाण्याला चारी बाजूंनी कठडा असतो अशी त्याची समजूत असते. बरं, या टूर बहुतेक पोळ्यानंतर निघतात. औषधाचा जोर ओसरलेला असतो, रब्बीचं बियाणं यायला अवकाश असतो, आणि मुख्य म्हणजे त्या महिन्यांत बेटांवरची हॉटेलं स्वस्त मिळतात. स्वस्त का मिळतात, हे कुणी विचारत नाही.

अशाच एका टूरमध्ये आम्ही सप्टेंबरात हॅवलॉकला गेलो होतो. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच. आमचं हॉटेल बेटाच्या उगवतीच्या बाजूला, विजयनगरच्या किनाऱ्यावर होतं. हॅवलॉकची बरीचशी हॉटेलं याच बाजूला, गोविंदनगर आणि विजयनगरला आहेत. खोलीचं दार उघडलं की नारळाची झाडं आणि पुढं समुद्र. समुद्र कसला, तळंच ते. लाट म्हणून काठावर जे यायचं त्यात पायाचा घोटासुद्धा बुडत नव्हता. पण टूरवाल्याच्या कागदावर लिहिलं होतं, ‘राधानगर बीच, समुद्रस्नान’. म्हणून सगळ्यांना टॉवेल-चड्ड्यांसकट गाडीत घातलं आणि दहा-बारा किलोमीटर पलीकडं, मावळतीच्या बाजूला नेलं. राधानगर हा तोच किनारा, ज्याला टाइम साप्ताहिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवलं आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅगही, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकनही, मिळाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जागा देखणीच आहे. पण त्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा बंगालच्या उपसागरावरून सरळ त्याच्या छाताडावर येत होता. वाळू पोटऱ्यांना टोचत होती. जीवरक्षक शिट्ट्या फुंकून फुंकून दमले होते. गुडघ्याच्या पुढं कुणाला जाऊ देत नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. आमच्यातले दोन शेठ तरी पुढं गेले, एका लाटेनं पाडले, चष्मा गेला, अंगठी गेली, जीव राहिला. बाकी मंडळींनी भजी खाल्ली आणि परत आली. संध्याकाळी हॉटेलच्या मागं तेच निवांत पाणी होतं, आणि अंधार पडल्यामुळं आता उतरायची बंदी होती.

मी टूरवाल्याच्या पोराला विचारलं, भाऊ, इथंच का नाही आंघोळ ठेवली? तो म्हणाला, प्रोग्राममध्ये तेच आहे, काका. त्याचा दोष मी फारसा धरत नाही. त्याला कुणीतरी दिल्लीत किंवा कोलकात्यात बसून वर्षभराचा एकच कागद करून दिला होता. जानेवारीलाही तोच आणि सप्टेंबरलाही तोच.

पुढं एका जानेवारीत मी घरच्यांना घेऊन स्वतःच्या खर्चानं तिथंच गेलो. तेव्हा सगळं उलटं होतं. विजयनगरला वारा समोरून, पाणी खळबळलेलं, ओहोटीला उघडी पडणारी प्रवाळाची दगडं, त्यावर फुटणाऱ्या लाटा. काळापत्थरलाही तीच गत. आणि राधानगर मात्र शांत. सौ. कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभ्या होत्या, ज्यांना आमच्या येलदरी धरणाच्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते. किनारा तोच, वाळू तीच, फक्त वारा फिरला होता.

यामागचं कारण शाळेत आपण सगळे शिकलोय, फक्त परीक्षेपुरतं. साधारण मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत अंदमानवर वारा नैर्ऋत्येकडून येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून. मधल्या महिन्यांत, विशेषतः फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, तो पडतो आणि मग दोन्ही बाजू चांगल्या असतात. हॅवलॉकच्या मधे डोंगर आहे, त्यावर दाट जंगल आहे. वारा एका बाजूला आपटतो, दुसऱ्या बाजूला आडोसा तयार होतो. लाट केवढी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ एकाच दिशेनं वाहतोय, आणि त्याला पळायला मोकळं पाणी किती लांब मिळालंय. उघड्या बाजूला वाऱ्यामागं शेकडो किलोमीटरचा समुद्र असतो. आडोशाच्या बाजूला वारा जमिनीवरून उतरून पाण्यावर येतो, त्याला लाट उभी करायला जागाच मिळत नाही. आमच्या येलदरीच्या जलाशयावर जूनमध्ये जाऊन बघा. मावळतीचा वारा सुटला की उगवतीच्या काठावर थपाथपा लाटा आपटतात आणि मावळतीच्या काठाला मासे धरणारे निवांत जाळं टाकून बसलेले असतात. त्यांना कुणी चांदण्या देऊन काठ निवडून दिलेला नाही.

आणि आडोसा म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला शिकवायची गरज पडू नये. आपण सगळे सह्याद्रीच्या आडोशालाच तर राहतो. तोच नैर्ऋत्येचा वारा महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर ओतून रिकामा होतो आणि आमच्या परभणीकडं हजाराच्या आत काय ते येतं. पर्जन्यछाया, वातसन्मुख, वातविन्मुख हे शब्द आम्ही छडी खाऊन पाठ केलेत. इथं आडोसा नडतो. बेटावर गेल्यावर एकदाच तो कामाचा असतो, आणि नेमका तिथं आम्ही उघड्या बाजूला जाऊन उभे राहतो.

अंदमानला जाणाऱ्यांना मी दुकानात एक सोपी गोष्ट सांगतो. दिशा कळत नसेल तर ‘सनसेट पॉइंट’ आणि ‘सनराइज पॉइंट’ विचारा, ते प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक असतात. थंडीत जिथं सूर्य मावळताना दिसतो त्या किनाऱ्यावर अंघोळ करा, पावसाळ्यात जिथं उगवताना दिसतो तिथं. हॅवलॉकला राधानगर मावळतीचं, काळापत्थर आणि विजयनगर उगवतीचं. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, लक्ष्मणपूर मावळतीचं आणि सीतापूर उगवतीचं. एवढ्यानं निम्मं काम होतं. बोटीचा रस्ता मात्र वेगळा विचारायचा. एलिफंट बीचला बोट धक्क्यावरून निघून बेटाच्या उत्तरेच्या टोकाला वळसा घालून जाते. थंडीतल्या ईशान्य वाऱ्यात किनारा शांत असला तरी वाटेत त्या टोकाशी बोट चांगली उसळते. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर पोहे खाऊन निघू नये.

उरलेलं निम्मं काम इतकं सोपं नाही, म्हणून तर पुरवणीत ते यायला हवं.

लक्षद्वीपचंच घ्या. तिथं डोंगर नाही, जंगल नाही. जमीन पाण्यापासून जेमतेम दोन-चार मीटर वर, वर नारळ. तिथं वाऱ्याला आडवायला काहीच नाही. पण लाटेला आडवायला आहे. ती कंकणद्वीपं आहेत, म्हणजे प्रवाळाच्या गोल कड्यावरची बेटं. कवरत्ती, अगत्ती, मिनिकॉय या बेटांची जमीन कड्याच्या पूर्वेच्या अंगाला आणि मावळतीला प्रवाळाचं कडं, त्याच्या आत उथळ हिरवं पाणी. नैर्ऋत्येकडून लाट आली तर ती बाहेरच्या कड्यावर फुटते, आत पोचेपर्यंत तिच्यात दम राहत नाही. म्हणून तिथं वाऱ्याकडं तोंड असलेली बाजूच बऱ्याचदा पोहण्याची असते, आणि उगवतीच्या बाजूला पाणी एकदम खोल जातं. अंदमानचा ठोकताळा डोक्यात धरून कुणी लक्षद्वीपला गेला तर तो फसेल. आडोसा डोंगराचा आहे की प्रवाळाचा, हे आधी कळायला हवं.

फुकेतला आमच्या भागातले बरेच विक्रेते जाऊन आले. पाटोंग, काटा, कारोन हे नावाजलेले किनारे सगळे मावळतीला. मे ते ऑक्टोबर तिथं नैर्ऋत्येचा मोसम, म्हणजे नेमका आमच्या टूरचा हंगाम, आणि नेमके लाल झेंड्यांचे दिवस. जुलै २०१८ मध्ये याच मोसमात फुकेतजवळ पर्यटकांची बोट उलटून ४७ माणसं गेली. आता कुणी म्हणेल की मग फुकेतच्या उगवतीला जा. तिकडं पाणी शांत असतं हे खरं, पण चलोंगसारख्या ठिकाणी ओहोटीला चिखल उघडा पडतो, पोहायची ती जागा नव्हे. त्या महिन्यांत थायलंडलाच जायचं असेल तर द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, थायलंडच्या आखातातलं समुई बेट बरं. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला मधे अख्खी जमीन आडवी येते. समुईचा पाऊस उशिरा, ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर वाईट. तेव्हा उगवतीच्या चावेंगवर लाटा येतात आणि मावळतीचं लिपा नोई शांत असतं. कंपनीला दोन्हीकडचं भाडं सारखंच पडत असेल, तर हे कुणीतरी स्कीम ठरवणाऱ्या साहेबांना सांगायला हवं. साहेबांच्या टेबलावर आपली पुरवणी असते, म्हणून हे पत्र आपल्याला.

मॉरिशसला वर्षभर आग्नेयेचा व्यापारी वारा, जून ते ऑगस्टमध्ये तर जोरात. बेल मार उगवतीला, तिथं टोपी डोक्यावर राहत नाही. फ्लिक-अँ-फ्लाक मावळतीला, ग्रँड बे वायव्येला, तिकडं आडोसा. मधल्या डोंगरांमुळं मावळतीचा भाग कोरडासुद्धा असतो. म्हणजे मॉरिशसचा तो मराठवाडाच. (तिथं पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी माणसं गणपती बसवतात. आमच्या टूरवाल्यानं त्यांच्याऐवजी मॉल दाखवला, तो विषय वेगळा.)

बालीची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण तिथं नुसता वारा बघून चालत नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथं वारा आग्नेयेचा. कुटाचा किनारा मावळतीला, म्हणजे आडोशाला. मग पाणी शांत असायला हवं ना? नसतं. कारण हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, हजारो किलोमीटर लांब, दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात मोठमोठी वादळं होतात, आणि त्यांनी ढकललेल्या लांब लाटा दिवसचे दिवस प्रवास करून बालीला येऊन थडकतात. त्या लाटांना इथल्या वाऱ्याशी देणंघेणं नसतं. त्या बेटाच्या टोकाला वळसा घालूनही आडोशाच्या बाजूला शिरतात. म्हणून कोरड्या हंगामात कुटाला फळीवर उभं राहून लाटांवर खेळणारे गर्दी करतात, आणि ज्याला नुसतं डुंबायचं आहे त्यानं उगवतीला सानूरला जावं. तिथं वारा येतो पण पुढं प्रवाळाचं कडं आहे. डिसेंबर ते मार्च वारा मावळतीचा झाला की कुटाला समुद्रातला कचरा येऊन लागतो, हेही यादीत छापण्यासारखंच आहे.

ही लांबून येणारी लाट आपल्याकडंही येते. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं समुद्रानं नेली. त्या वेळी केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्याला अशाच लाटांचा इशारा दिलेला होता. तो इशारा देणारी संस्था आपल्यापासून लांब नाही. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, इन्कॉइस, १९९९ पासून हैदराबादेत आहे. नांदेड-परभणीची माणसं दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, बियाण्याच्या प्लांटसाठी हैदराबादला सारखी जातात. देशाच्या समुद्राची खबर त्याच गावातून निघते हे त्यांना माहीत नसतं. लाटेची उंची, लांबून येणारी लाट, वाऱ्याचा वेग आणि दिशा, सगळं रोज, फुकट, अंदमान-लक्षद्वीपसकट. टूरला निघणाऱ्यानं आदल्या रात्री मोबाईलवर दोन मिनिटं बघावं एवढंच.

बघताना एक जपायचं. वेधशाळेच्या भाषेत ईशान्येचा वारा म्हणजे ईशान्येकडून येणारा. पण मोबाईलच्या नकाशावरचा बाण बहुतेक ठिकाणी वारा जिकडं चाललाय तिकडं तोंड करून असतो. अक्षर एक सांगतं, बाण दुसरीकडं दाखवतो, आणि माणूस नेमका उलट्या किनाऱ्यावर जातो. वेगाचं म्हणाल तर ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ मध्ये केलेली पट्टी अजून चालते. ताशी १२ ते १९ किलोमीटरला पाण्यावर कुठंकुठं पांढरे तुरे दिसतात. २० ते २८ झाला की तुरे बऱ्याच ठिकाणी. २९ च्या पुढं उघड्या किनाऱ्यावर पोराबाळांना घेऊन जायचंच नाही. काठावर उभं राहून पांढरे तुरे मोजता येत नसले तरी आहेत की नाहीत एवढं तर दिसतंच.

आता याच्या उलट बाजूचा धोका, जो मला अंदमानच्या एका बोटवाल्या दादांनी दाखवला. आडोशाच्या किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. काठाजवळ पाणी गुळगुळीत असतं, म्हणून लोक पोरांना हवेच्या ट्यूबवर, गादीवर बसवून सोडतात. ट्यूब हलकी, वारा पाठीमागून. बघता बघता ती खोल पाण्यात जाते, आणि तिथं डोंगराचा आडोसा संपलेला असतो, वारा पूर्ण जोरात. पोहून परत येणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर पोहणं. त्या दादांचं म्हणणं होतं की मोठ्या लाटेला लोक भितात म्हणून वाचतात, शांत पाण्याला भीत नाहीत. आडोशाच्या किनाऱ्यावर ट्यूब नको, आणि न्यायचीच असेल तर तिला दोर हवा, दोराचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. मगरीचा फलक असेल तिथं वारा-लाट काहीच बघायचं नाही, उतरायचंच नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर खरोखर आहे.

आम्ही शेतकऱ्याला औषध देताना काय सांगतो? वारा पाठीशी घे, तोंडावर वारा असताना फवारू नको, वारा जास्त असेल तर पंप खाली ठेव, सकाळी फवार. २०१७ मध्ये यवतमाळकडं फवारणीत माणसं मेली, तेव्हापासून हे प्रत्येक दुकानात फलकावर लिहिलेलं आहे. वावरात उतरण्याआधी चिमूटभर माती उडवून वारा बघणारा माणूस विमानाचं तिकीट हातात आलं की वारा विसरतो, याचं मला नवल वाटतं. समुद्रालाही सकाळ-दुपार असते. कोकणात पहाटे मतलई वारा, जमिनीकडून, पाणी गप्प. दुपारी जमीन तापली की खारा वारा समुद्राकडून सुटतो आणि तीन-चारच्या सुमाराला लाटा वाढतात. आमच्या गाड्या रात्रभर चालून सकाळी पोचतात, मंडळी हॉटेलात झोपतात, जेवतात, आणि बरोबर त्या वाईट वेळेला पाण्यात उतरतात. सिंधुदुर्ग किल्ल्यात ‘राणीची वेळा’ म्हणून छोटासा किनारा आहे. समुद्राच्या मधोमध असूनसुद्धा तिथं डुबकी मारण्यासारखं पाणी असतं. किल्ला बांधणाऱ्यांना आडोसा कळत होता.

माझा पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. तो उन्हाळ्यात स्पेनच्या मेनोर्का बेटावर जाऊन आला. तिथले लोक म्हणे सकाळी उठून आधी वारा बघतात आणि मग कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते ठरवतात. उत्तरेचा ‘त्रामुंताना’ सुटला की सगळे दक्षिणेच्या छोट्या खाड्यांमध्ये, दक्षिणेचा वारा असला की उत्तरेला. ग्रीसच्या मिकोनोसला जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा ‘मेल्तेमी’ इतका येतो की हॉटेलं दक्षिणेच्या ओर्नोस, प्लातीस यालोसकडं आणि शिडाच्या फळीवाले उत्तरेच्या फ्तेलियाला. म्हणजे ही काही मी शोधलेली विद्या नाही. बेटावर राहणाऱ्या कुणालाही ती येते. ती फक्त छापील यादीपर्यंत पोचत नाही, कारण यादी करणारा बेटावर राहत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक किनाऱ्यापुढं तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लिहा. कोणत्या महिन्यांत वारा समोरून येतो ते लिहा. आणि त्या महिन्यांत त्याच बेटावर दुसरा कोणता किनारा आडोशाला असतो त्याचं नाव द्या. जागा फार लागणार नाही. ‘राधानगर: पश्चिम. जून ते सप्टेंबर वारा समोरून, तेव्हा विजयनगर.’ चांदण्यांना जेवढी जागा लागते त्याहून थोडी जास्त. फोटो बारीक केला तरी चालेल, सगळे फोटो तसेही सारखेच दिसतात. वादळाचे महिनेही द्या. बंगालच्या उपसागरात मे महिना आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळाचे. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक दिवसचे दिवस अडकले, शेवटी नौदलाला जावं लागलं. तेव्हा कुठलाच किनारा आडोशाचा नव्हता.

दुसरी विनंती टूर काढणाऱ्या कंपन्यांना, आपल्या मार्फत. कागदावर किनाऱ्याचं नाव छापूच नका. ‘समुद्रस्नान: त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणं’ एवढंच लिहा आणि ठरवायचं काम बेटावरच्या बोटवाल्यावर सोडा. त्याला त्याचे चार पैसे द्या. आमच्यातले काही विक्रेते कुरकुर करतील की फोटोत दाखवलेला किनारा दाखवला नाही. करू द्या. संध्याकाळी सूर्य मावळताना राधानगरला न्या, लांबून दाखवा, फोटो काढू द्या, आणि पोहायला दुसरीकडं न्या.

तिसरी विनंती घरची आहे. आपल्या अंकात रोज हवामानाची चौकट असते. परभणी, नांदेड, लातूर, बीड, कमाल आणि किमान तापमान. वारा नसतो. तिथं दिशा आणि ताशी किती किलोमीटर हे दोन आकडे टाकता आले तर सकाळी पंप पाठीवर घेणाऱ्याला त्याचा रोज उपयोग आहे, टूर लागो न लागो.

यंदाच्या स्कीमची यादी परवा आली. पुन्हा फुकेत, पुन्हा सप्टेंबर, हॉटेल पाटोंगला. मी कंपनीच्या साहेबांना फोन करून विचारलं की समुई चालेल का, नाहीतर तारीख फेब्रुवारीत ढकलता येईल का. ते म्हणाले, वरती विचारून सांगतो. काही उत्तर आलं तर आपल्याला कळवीन.

आपला वाचक,
एक कृषी सेवा केंद्रचालक
जिंतूर, जि. परभणी